बदामी भिंतीचा दुसरा हात

माझं लग्न ठरलं त्या आठवड्यात मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, मला पहिली हळद माझी मायच लावणार. दोन, त्याआधी आमच्या घराला रंग लागणार. पहिली गोष्ट मी कुणाजवळ बोलले नाही. दुसरी बोलले, आणि तिच्यावरूनच घरात तोंडं वाकडी झाली.

वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ते जिंतूरला कचेरीत कारकून होते. त्यांनी हौसेनं बांधलेल्या दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पत्रे, एवढं आमचं घर. मागं राहिलो आम्ही दोघी आणि मायचं शिलाई मशीन. त्या मशीनवर तिनं निम्म्या जिंतूरचे ब्लाउज शिवले आणि मला शिकवून मास्तरीण केलं. बायका साडी घेऊन यायच्या, हिच्यावर मॅचिंग काय घेऊ म्हणून विचारायच्या, आणि माय साडीचा काठ बोटांत धरून एका नजरेत सांगायची. तिचं कधी चुकलं नाही. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र चौदा वर्षं राखाडी नाहीतर पांढुरकं लुगडं. कपाळ मोकळं. घरालाही दर दिवाळीला नीळ घातलेला पांढरा चुना, दुसरं काही नाही. गावाला रंग जुळवून देणारी बाई स्वतः बिनरंगाची राहते, याचा मला लहानपणी फार राग यायचा. मोठेपणी तो राग गेला नाही, फक्त त्याला कामाला लावायचं मी शिकले.

"लग्नघर हाय, रंग तर द्यायलाच पायजे," मी म्हणाले.

"चुना दिऊ की. पांढराच शोभतो आपल्याला."

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

ती सुईत दोरा ओवत राहिली. तिला बोलायचं नसलं की सुईचं नाक तिला सापडायचं नाही.

तिला लोकांची भीती होती, आणि लोकांच्या सगळ्यात पुढं उभी होती माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. ती चारठाण्याला राहायची. वडील गेल्यावर दर सुगीला आमच्या घरी जवारीचं पोतं तिनंच पाठवलं, हे मी विसरलेली नाही. पण काय शुभ आणि काय अशुभ, याचा शेवटचा शब्दही तिचाच असायचा. माझा होणारा नवरा पिंगळीकडचा, माझ्यासारखाच शिक्षक. बोलणी झाली त्याच दिवशी आत्यानं सांगून टाकलं की हळदीला पाच सवाष्णी ती स्वतः आणील, आणि मायनं तेवढा वेळ चुलीपाशी थांबायचं. भिंतीतल्या देवळीत तिनं वसमतच्या हळदीची पिशवी ठेवली आणि मायला बजावलं, "हिला तू हात लावू नको. सवाष्णीच सोडतेन."

"बराबर हाय, आक्का," माय म्हणाली.

त्या 'बराबर हाय'नं माझं डोकं फिरलं. पण मी सरळ भिडले असते तर दोघी एक झाल्या असत्या आणि मी पडले असते एकटी. म्हणून मी भिंतीपासून सुरुवात करायचं ठरवलं. एकदा घरात रंग शिरला की तो मायच्या हातापर्यंत पोचायला फार वेळ लागणार नाही, असा माझा बेत होता.

दुकानातली शेडकार्डं तैलरंगाची आणि डिस्टेंपरची. आम्ही तर चुन्यातच रंग कालवणार होतो. आमचं शेडकार्ड खाटेखाली होतं. कतरणीचं बोचकं, चौदा वर्षांच्या ब्लाउजांच्या चिंध्या. एका दुपारी मी ते ओसरीत सोडलं आणि एकेक चिंधी भिंतीला लावून दाखवू लागले.

"मोरपंखी?"

"येड लागलं का तुला?"

"गुलाबी?"

"लोक काय म्हनतेन?"

पोपटी दाखवला तर म्हणाली, दवाखान्याला देतेत तसला हाय. अबोली दाखवला तर नुसतं बघितलं, आणि त्या बघण्यानं मी तो गुपचूप बोचक्यात कोंबला. असे तीसेक रंग झाले. शेवटी तळातून अस्तराच्या कापडाचा एक तुकडा निघाला. बदामी. कुणाच्याही ब्लाउजाच्या आत बसणारा, बाहेरून कधी न दिसणारा. मी तो भिंतीला लावला. मशीनवरचा मायचा पाय थांबला.

"ह्यो काय रंग हाय का?" ती म्हणाली. "ह्यो तर आतला."

"मग घरात आतूनच दिऊ की."

"कुनाच्या नजरंत यायचा न्हाई."

"न्हाईच यायचा. मग लोक काय म्हनतेन?"

ती नाकातल्या नाकात हसली. मी तोच होकार समजले.

मला वाटलं, झालं काम. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर माय भिंतीसमोर उभी, हातात तीन बदामी चिंध्या. एक जरा पिवळ्याकडं झुकलेली, एक गुलाबीकडं, एक राखाडीकडं. सकाळच्या उन्हात तिनं त्या लावून पाहिल्या, दुपारी दार लोटून पाहिल्या, दिवेलागणीला पिवळ्या बल्बाखाली पाहिल्या. राखाडी बल्बाखाली मेल्यासारखी दिसते म्हणून गेली. गुलाबी झाक असलेली दुपारी डोळ्यावर येते म्हणून गेली. पिवळ्याकडची राहिली, जवारीच्या भाकरीचा पापुद्रा असतो तशी. तरी तिचं समाधान होईना. तीन दिवस हेच चाललं. मशीनवर ब्लाउजांचा ढीग पडून, बायका हेलपाटे घालतायत, आणि जिला रंग नकोच होता ती बाई भिंतीपुढून हलत नाही.

"हीच," चौथ्या दिवशी ती म्हणाली. "ही कवाबी मायाळू दिसती."

मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. मनातून मात्र उड्या मारत होते.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी चुना आणून ड्रममध्ये भिजवला, जुन्या धोतरातून गाळला. त्यात पिवडी, म्हणजे चुन्यात कालवायची ती पिवळ्या मातीची पूड, चिमूटभर तांबडी काव, डिंकाचं पाणी, मूठभर मीठ. चुन्याच्या ओल्या रंगाचा आणि वाळलेल्या रंगाचा एकमेकांशी संबंध नसतो. वाळला की तो चांगल्या चार पायऱ्या उतरतो. म्हणून आधी विटेवर लावायचं, वीट उन्हात ठेवायची आणि वाळली की शेजारी चिंधी धरायची. सात विटा वाया गेल्या. आठवीवर चिंधी ठेवली तर कुठं कापड संपतं आणि कुठं वीट सुरू होते ते कळेना. मायनं ती वीट उचलून घरात नेली आणि मशीनशेजारी ठेवली.

मग भिंतीला पहिला हात दिला. कुंचा कसा धरायचा हे तिनंच मला शिकवलं. दर दिवाळीला तीच चुना द्यायची, मी नुसती बादली धरायची.

"गच्च भिजवू नको. वरून खाली ये, मग आडवा मार. आन ओघळ यिऊ दिऊ नको. ओघळ आला की सगळी मेहनत पान्यात."

मी ओघळ येऊ दिले नाहीत. पण रंगानंच दगा दिला. वीट कोरी होती, आमच्या भिंतीवर मात्र वर्षानुवर्षांची नीळ बसलेली. ती आतून वर आली. वाळल्यावर भिंत दिसू लागली आंबट ताकासारखी, फिकी आणि थंड. मायनं चिंधी लावून पाहिली आणि मान हलवली. दुसरा हात द्यावा लागणार होता, तोही दाट. चुना होता एक बादली. पिवडी संपली होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात बंद लागला. ती सगळी वर्षं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची. कधी नामांतर करा म्हणणारे बंद पुकारायचे, कधी करू नका म्हणणारे. बाजार ओस पडायचा, एसट्या डेपोतच उभ्या राहायच्या. मी रंगाच्या दुकानदाराच्या घरी जाऊन कडी वाजवली. तो खिडकीतूनच म्हणाला, "बाई, आज शटर उघडलं तर काचा जातेन माझ्या. दोन-तीन दिवसांनी बघू." दोन-तीन दिवसांनी बंद उठला की पहिल्या गाडीनं आत्या येणार होती. तिच्या आत मला घर बदामी पाहिजे होतं. ती आली आणि घर असं अर्धवट दिसलं, तर ती मायला पुन्हा पांढऱ्यावर नेऊन ठेवील, हे मला ठाऊक होतं.

आता माझ्या अकलेबद्दल सांगायलाच हवं. चौथीच्या पोरांना मी दरवर्षी एक प्रयोग करून दाखवायची. हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकायची, कागद लालभडक होतो, पोरं टाळ्या पिटतात. कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच करतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हे सगळं शिकवणारी मी, पिवडी नाही म्हणून देवळीतली वसमतची हळद काढली. हट्टाला पेटलेल्या माणसाचं आधी डोकं जातं, तसं माझं गेलं.

माय स्टुलावर उभी राहून कोपऱ्यातल्या भेगा चुन्यानं बुजवत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत चुन्यात. मी पिशवीची गाठ सोडली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं आणि स्टुलावरून उडीच मारली.

"अगं, ती लग्नाची हळद हाय! आक्काची!"

तिनं पिशवी धरली, मी सोडली नाही. ओढाताणीत पिशवीचं तोंड उघडलं. निम्मी हळद बादलीत गेली, उरलेल्यातली बरीच तिच्या ओल्या हातांवर पडली.

बादली पेटल्यासारखी लाल झाली. पण मी बादलीकडं पाहतच नव्हते. मायचे हात लाल होत होते. आधी बोटं, मग तळवे, मग मनगटापर्यंत कुंकवाचा रंग चढत गेला. चौदा वर्षं ज्या बाईच्या बोटाला कुंकू लागलं नव्हतं, तिचे दोन्ही हात कुंकवात बुडवून काढल्यासारखे. वडील गेले त्या दिवशी तिच्या कपाळावरचं कुंकू आत्यानं ओल्या फडक्यानं पुसलं होतं. मी ते दाराआडून पाहिलं होतं. तेच मला आठवलं आणि मी घाबरले. आता ही रडेल, रांजणाकडं धावेल, हात घासघासून सोलून काढील, असं मला वाटलं. मीच पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"धू माय, लवकर धू."

ती हात समोर धरून उभी होती. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. नव्या साडीचा काठ पाहायची, तसेच.

"राहू दे," ती म्हणाली. "आदी भिंत."

"अगं, लाल झालाय सगळा! आत्या काय म्हनल?"

"चुना आळल, वाया जाईल. आन वाळल्यावर उतरतो म्हनून तूच आठ विटा केल्यास न्हवं? उतरल."

तिनं त्याच हातात कुंचा घेतला, बादलीत बुडवला आणि भिंतीवर वरून खाली पहिला पट्टा ओढला. मला विचारलं नाही. आत्या काय म्हणेल याचाही विचार केला नाही. मी मुकाट दुसरा कुंचा उचलला. संध्याकाळपर्यंत आम्ही पुढच्या खोलीच्या चारी भिंतींना दुसरा हात दिला, आणि मग दोघी वीटभट्टीत बसल्यासारख्या मधोमध चहा पीत बसलो. मायनं हात धुतले ते चहाच्या आधी, सावकाश, साबण न लावता. नखांत आणि तळव्याच्या रेघांत रंग तसाच राहिला.

आत्या आली ती तिसऱ्या दिवशी. उंबऱ्यातच तिच्या हातातली पिशवी खाली आली.

"अगं माय! लग्नघर हाय का मरीआईचं ठानं?"

मग तिची नजर देवळीकडं गेली, चपट्या पिशवीवरून मायच्या नखांवर आली. मी दोष माझ्यावर घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात माय बोलली.

"माज्याच हातानं सांडली, आक्का. आन मीच लावली भिंतीला."

आत्या स्टुलावर बसली. मला वाटलं, हीच वेळ. मी सांगून टाकलं, "आत्या, मला पहिली हळद मायच लावणार. न्हाईतर कुणीच लावायची न्हाई."

"शाळा शिकलीस म्हनून शानपत करायलीस?" आत्याचा आवाज चढला, पण डोळे भरले होते. "उद्या तुज्या संसाराला कायबी झालं, तर मी काय सांगू तुज्या बापाला? त्याच्या मागं तुला जपलं ते ह्याच्यासाठी?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आत्या मायला अडवत नव्हती, ती माझ्यासाठी भीत होती. पण कळलं म्हणून माझा राग उतरला नाही. मी मायकडं पाहिलं. आता ती बोलेल, असं वाटलं. ती चहाचं आधण ठेवायला आत गेली. मला तिचा एवढा संताप आला, की चार-पाच दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

भिंत मात्र तिचं काम करत होती. आत्या त्याच खोलीत झोपायची, त्यामुळं सकाळी डोळे उघडले की तिला आधी भिंतच दिसायची. लाल होती ती शेंदरी झाली. शेंदरीची विटकरी. मग गुळासारखी, मग आणखी फिकी. आधी आत्या नाक मुरडायची. नंतर स्वतःच सांगू लागली, "आज आनखी उतरली बघ." हळदीच्या आदल्या दिवशी माय ती चिंधी घेऊन भिंतीपाशी गेली आणि तळव्यानं दाबून धरली. आत्याही जवळ आली.

"कुठं हाय चिंधी?"

"ही काय."

आत्यानं डोळे बारीक केले. दिसेना, तेव्हा बोटानं चाचपून कड शोधली. खालची नीळ आता दिसत नव्हती. खोली अशी ऊबदार झाली होती, की माझा इतक्या दिवसांचा रुसवा मला तिथं धरून ठेवता येईना.

"तुजा हात लय चांगला हाय," आत्या मायला म्हणाली, आणि लगेच पापड मोजायला निघून गेली.

हळदीच्या दिवशी त्याच खोलीत मला पाटावर बसवलं. समोर चारठाण्याच्या पाच सवाष्णी. आत्यानं नव्यानं आणलेल्या हळदीची वाटी उचलली. माय ठरल्याप्रमाणं चुलीपाशी. मी पदर तोंडावरून ओढला आणि दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला. पंचवीस वर्षांची मास्तरीण, आणि बसले होते रुसलेल्या लेकरासारखी. बायका कुजबुजल्या. आत्या म्हणाली, "सोड पदर." मी सोडला नाही. ती पुन्हा म्हणाली. मी मान हलवली. भीती मलाही वाटत होती, पण उठायचं नाही हे नक्की होतं.

मग चुलीकडून पावलांचा आवाज आला. मी पदराच्या फटीतून पाहिलं. माय आतल्या दारात उभी होती. हात धुऊन, पुसून आली होती.

"आक्का, वाटी द्या इकडं."

विनवणी नव्हती. मशीनवरून 'कात्री दे' म्हणायची, त्या आवाजात ती म्हणाली.

"पाचीजनी बसल्यात," आत्या म्हणाली.

"बसू द्या की. सहावी मी."

 आत्यानं मायच्या हातांकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं.  वाटी तिनं मायच्या हातात दिली नाही. तेवढं तिच्यानं होईना. तिनं ती पाटाशेजारी जमिनीवर ठेवली आणि स्वतः सरकून जागा केली.

"मग बस खाली," ती म्हणाली. "उभ्यानं हळद लावत नसतेत."

माय बसली. माझ्या बोटांतून तिनं पदर सोडवला. वाटीत तिची बोटं बुडाली आणि चौदा वर्षांनी मी ती पिवळी पाहिली. तिनं माझ्या गालाला हात लावला, वरून खाली, मग आडवा.  मी रडायला लागले होते, मला थांबवता येत नव्हतं, आणि हळद गालावरून हनुवटीकडं उतरू लागली.

"नीट बस," माय हळूच म्हणाली. "ओघळ यिऊ दिऊ नको."